न छेडलेल्या तारा

आजोळी, परभणीच्या वाड्यात, माजघराच्या भिंतीवर एक सतार टांगलेली असायची. आजोबांच्या धाकट्या भावाची. ते ऐन तिशीत गेले आणि त्यानंतर तिला कुणी मांडीवर घेतलं नाही; दसऱ्याला तेवढी तिच्यावरची धूळ झटकायची, हळदकुंकू वाहायचं आणि खुंट्यांत आपट्याचं पान खोचायचं, एवढाच तिचा मान. पण संध्याकाळी देवघरात आरती सुरू झाली, मामांचा खडा आवाज चढत चढत एका ठरावीक स्वरावर येऊन टेकला, की माजघरातल्या अंधारातून ती सतार गुणगुणायची. कुणी हात लावलेला नसायचा. वारा नसायचा. आरती थांबायची, निरांजनावरून हात फिरवून सगळे पांगायचे, आणि रवी काढून घेतल्यावरही डेऱ्यातलं ताक क्षणभर आपल्याच लयीत फिरत राहावं, तसा तो स्वर माजघरात फिरत राहायचा.

दुपारी मोठी माणसं निजली की आम्ही मुलं तिच्याखाली उभं राहून नाना आवाजांत हाका मारायचो. बहुतेक हाकांना ती गप्प असायची. एखादीच हाक तिला पटायची, आणि मग आमच्या अंगावर काटा यायचा. "ओरडू नका रे," आजी आतून म्हणायची, "तिला ऐकू येतं."

तिला ऐकू येतं. पुढे वाद्यांविषयी जे जे वाचलं, ऐकलं, ते सारं या एका वाक्यात आधीच येऊन बसलेलं होतं असं मला वाटतं. सतारीच्या पडद्यांच्या खालून, वाजवायच्या तारांच्या सावलीत, आणखी अकरा-तेरा बारीक तारा जातात. त्यांची घोडी वेगळी, खुंट्या वेगळ्या, दांडीच्या कडेनं ओळीत बसवलेल्या. वादक त्या रागाच्या स्वरांत मिळवून घेतो आणि मग क्वचितच त्यांना बोट लावतो. वरच्या तारेवर त्यांचा स्वर उमटला की त्या आपणहून थरथरतात. या तरफेच्या तारा. सारंगीला त्या असतात, दिलरुब्याला, मोराच्या आकाराच्या ताऊसला असतात, काबूलच्या रबाबाला असतात. आणि हे कळलं तेव्हा मला कितीतरी वेळ सुचेनासं झालं होतं, की नॉर्वेतल्या हार्डांगर फिडललाही असतात, जुन्या युरोपातल्या व्हायोला द'आमोरेलाही असतात. कुणी कुणाला शिकवलं, कोणाचं आधी, कोणाचं मागून, हा हिशेब मला नको आहे. इतक्या दूरदूरच्या कारागिरांना, आपण छेडणार नाही अशाही तारा वाद्यात असाव्यात असं वाटलं, एवढंच मला पुरतं.

दिलरुबा मी पहिल्यांदा नांदेडला ऐकला. मावशीकडे सुट्टीत राहायला गेले की पहाटे झोप चाळवायची ती हजूर साहिबच्या कीर्तनानं. त्याच वेळी कधीतरी गोदावरीचं पाणी गागरीत भरून गुरुद्वाऱ्याकडे नेलं जात असायचं. मावशी ते उशीवरूनच सांगायची, जणू शेजारच्या घरात दूध आलं. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला ती ही जागा, पण गल्लीतली सरदारांची मुलं आमच्याइतकंच अस्सल मराठवाडी बोलायची, आणि आमच्याइतक्याच कैऱ्या पाडायची. कीर्तनात बहुधा पेटी आणि तबला असायचा. एका पहाटे मात्र पंजाबातून आलेल्या कीर्तनकार रागींच्या जथ्यात एक कोवळ्या दाढीचा मुलगा गजानं काहीतरी वाजवत होता, आणि त्या वाद्याचा आवाज संपतच नव्हता. गज उचलला तरी तो होता. शबद थांबला तरी होता. मी मावशीचा पदर धरून उभी होते आणि मला परभणीचं माजघर ऐकू येत होतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं, कोण जाणे. त्याच्यासारखी कितीतरी मुलं आता जगभर आहेत. सकाळी गुरुद्वाऱ्यात दिलरुबा धरतात, दुपारी शाळेच्या वाद्यवृंदात चेलो वाजवतात, संध्याकाळी तबल्याचे बोल घोकतात, आणि रात्री घरी एकटी बसून या सगळ्यांतून काहीतरी आपलं जुळवू पाहतात. लोक त्याला फ्यूजन म्हणतात. म्हणोत. पण ज्या शीख परंपरेच्या अंगणात ती वाढली आहेत ते अंगण पहिल्या दिवसापासूनच मोकळं होतं, हे मला राहून राहून आठवतं.

नानकांचा आयुष्यभराचा सोबती मर्दाना. जन्मानं मुसलमान, गावच्या मिरासी गवयांच्या घरातला. नानकांना शब्द सुचू लागले की ते मर्दान्याला रबाब छेडायला सांगत, अशी कथा जन्मसाख्यांतून, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांतून, पुन्हा पुन्हा येते. त्या प्रवासातलं वाळवंट, वादळ, तहान, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येतं ते मर्दान्याच्या खांद्यावरच्या रबाबासकट. पुढे शिखांचा पवित्र ग्रंथ झाला, तो रागांच्या क्रमानं लावला गेला. मुख्य राग 31. त्यांत दरबारी घराण्यांचे राग आहेत तसे शेताच्या बांधावर वाढलेले माझ आणि आसा आहेत. काही रागांना तर 'दखणी' अशी खूण आहे, रामकली दखणी, वडहंस दखणी. ती अक्षरं वाचताना आपल्याकडचा काळा कातळ आणि तापलेली हवा त्या पंजाबी पानांवर कशी पोचली असेल, या विचारात मी तासन्तास रमते. आणि पहाटेची ती गंभीर 'आसा दी वार' कोणत्या चालीत गावी, तर असराज नावाच्या एका थोट्या राजाच्या पोवाड्याच्या चालीत. ग्रंथातच तशी सूचना आहे. चौकातला पोवाडा प्रार्थनेत नेऊन बसवताना त्या लोकांचा हात जराही कापला नाही.

आणि नामदेव आहेतच. त्यांची 61 पदं त्या ग्रंथात आहेत. पंढरपूरच्या कीर्तनात उभा राहिलेला माणूस पंजाबात घुमानला जाऊन राहतो, आणि तिथले लोक त्याला परका न मानता आपल्या सर्वांत पवित्र पोथीत जागा देतात. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आपल्या कितीतरी लोकांनी ते गाव पहिल्यांदा पाहिलं. तिथले लोक मात्र शतकानुशतकं नामदेवांना गात आले होते. आपण पंढरपुरात छेडत होतो. तिथं तार वाजत होती.

हे सगळं मनात होतं म्हणूनच असेल, 2022 च्या ऑक्टोबरात लीड्सला भाचीकडे असताना तिनं 'ऑर्फियस' या ऑपेराची तिकिटं काढली तेव्हा मी लहान मुलीसारखी हरखले. यॉर्कशरमधलं ते गिरण्यांचं जुनं शहर, विटांच्या काळवंडलेल्या भिंती, चार वाजताच उतरू लागणारं ऊन. तिथं जन्मलेला, तिथंच उस्ताद धरमबीर सिंग यांच्याकडे सतार शिकलेला जसदीप सिंग देगुण. वय तिशीच्या आसपास. त्याच वर्षी त्याचा 'अनॉमली' हा अल्बम आला होता. त्याआधी 2020 मध्ये त्यानं सतार आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी 'आर्या' नावाची मोठी रचना केली होती. आता ऑपेरा नॉर्थ या तिथल्या नामवंत संस्थेनं मॉन्टेव्हर्डीचा ऑपेरा हाती घेतला होता, आणि त्याचं अर्धं अंग जसदीपनं नव्यानं रचलं होतं.

मॉन्टेव्हर्डीचा 'ऑर्फियो' मांतुआच्या दरबारात 1607 मध्ये पहिल्यांदा झाला. अमृतसरला हरमंदिर साहिबात आदिग्रंथाची स्थापना झाली ती 1604 मध्ये. आणि 1608 मध्ये, बरेच जण मानतात त्याप्रमाणे, देहूला तुकारामांचा जन्म. ही तीन सालं मी एकदा एका कागदावर एकाखाली एक लिहिली आणि तो कागद अजून माझ्या पुस्तकात आहे. चार-पाच वर्षांच्या त्या काळात पृथ्वीच्या तीन कोपऱ्यांत माणसं शब्दाला स्वर कसा द्यायचा याच एका कामात गढली होती, आणि कुणाला कुणाची वार्ता नव्हती.

पडदा वर गेला तेव्हा समोर राजवाडा नव्हता, ग्रीक वनराई नव्हती. लीड्समधल्या एखाद्या साध्या घराची मागची बाग होती आणि तिथं लग्न होतं. वादकही त्याच बागेत, पाहुण्यांसारखे. एका बाजूला हार्पसिकॉर्डवर लॉरेन्स कमिंग्ज, जवळ लांबलचक मानेचा थिओर्बो, व्हायोलिनं. दुसरीकडे बैठकीवर मांडी घालून जसदीप, त्याच्या आजूबाजूला तबला, इसराज, तारशहनाई. वर इंग्रज आणि वधू तमिळ. इटालियन गाणं संपता संपता उर्दू येत होतं, पंजाबी येत होतं, तमिळ, मल्याळम, बंगाली येत होतं. इतक्या भाषांत मराठी नव्हती, आणि तरी मला कुठं अडल्यासारखं झालं नाही.

खरं सांगायचं तर मला धास्ती होती. देशोदेशीची वाद्यं एकत्र आणून शेवटी सगळ्यांनी मिळून वेगात धावायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असे कार्यक्रम मी पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांतून रिकामी होऊन घरी आले आहे. तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही. फक्त एकाच वेळी वाजवतात. शिवाय इथली अडचण तर मुळातच होती. आपला षड्ज हलत नाही. रागभर तो पायाखाली असतो, तानपुऱ्यात असतो, श्वासात असतो. पाश्चात्त्य संगीत मात्र आपलं घर बदलत बदलत पुढे जातं. या स्वरावरून त्या स्वरावर मुक्काम हलवण्यातच त्याचं नाट्य आहे. मग सतारीनं काय करायचं? वरच्या तारेवर बोटं एखादवेळी निभावून नेतीलही, पण खाली तरफेच्या तारा ठरल्या रागात मिळवलेल्या असतात. परका स्वर आला की त्या गप्प. आमच्या दुपारच्या हाकांना ती सतार गप्प राहायची, तशाच.

पण त्या संध्याकाळी त्या गप्प राहिल्या नाहीत. गाणं इटालियनमधून सरकत एका स्वरावर थांबायचं, हार्पसिकॉर्डचा स्वर विरू लागायचा, आणि तो पुरता विरायच्या आत, जणू तिथं आधीपासूनच होता असा, सतारीचा नाद त्याच स्वरातून वर यायचा. कुठून कुठे आलो ते कळायचं नाही. थिओर्बोच्या खर्जाच्या मोकळ्या तारा घुमत असताना तबल्याचा पहिला ठोका पडायचा तेव्हा माझ्या शेजारची भाची नकळत माझा हात दाबायची. मिसळ झाली होती असं मला म्हणवत नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या घरात नीट बसलेली होती, आपापल्या उच्चारांसकट, आपापल्या हट्टांसकट. आणि मधली भिंत कुणीतरी फार मेहनतीनं पातळ केली होती.

ती मेहनत कसली असते, हे मी सतार मिळवताना पाहिलं आहे. एकेक बारीक खुंटी पिळायची, कान लावायचा, जरा ढिली करायची, पुन्हा पिळायची. श्रोते यायच्या आधी, दिवे लागायच्या आधी, बंद खोलीत. वरची तार वाजली की आपण वाहवा म्हणतो. खालच्या तारांना लावलेला वेळ कुणाला दिसत नाही. दोन-तीन परंपरांत जगणाऱ्या या तरुण माणसांचं आयुष्य मला असंच खालच्या तारा मिळवण्यात गेलेलं दिसतं. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं बसून एक राग अंगी मुरवायचा, आणि मग दुसऱ्याच्या दारात तितक्याच नम्रपणानं जाऊन त्याचा मुक्काम कसा हलतो ते शिकायचं. ज्याला आपला षड्ज सापडलेला नाही त्याला दुसऱ्याचा स्वर ओळखू तरी कसा येईल?

आणि त्यांच्या मागे केवढं हरवलेलं आहे. मर्दान्याच्या वाटेनं आलेली रबाबी घराणी, मुसलमान कीर्तनकारांची, हरमंदिर साहिबात पिढ्यान् पिढ्या गात होती. 1947 आलं. त्यांतली बहुतेक सरहद्दीपलीकडे गेली, आणि ज्यांच्यासाठी ती गात असत ते श्रोते अलीकडे राहिले. नुसतं लिहितानाही हात थबकतो. वाद्यं तर त्याच्या आधीपासूनच मागे सरत होती. पेटी आली, सोपी, दणकट, कुठंही नेता येण्याजोगी. 2022 मध्येच शिखांच्या सर्वोच्च पीठाच्या, अकाल तख्ताच्या, जथेदारांनी हरमंदिर साहिबातून पेटी तीन वर्षांत हळूहळू काढून तंतुवाद्यं परत आणावीत असं सुचवलं. माझा जीव पेटीवर आहे; नाट्यगीतांवर वाढलेल्या मराठी माणसाचा तो असणारच, आणि तिला कुणी परकी म्हटलं की मला लागतं. तरीही एक मी मान्य करते. पेटी फार गोड बोलते, पण समोरच्यानं हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. तिच्यात न छेडलेलं असं काही नसतंच.

मध्यंतरानंतर ऑर्फियस पाताळात उतरला. सर्पदंशानं गेलेली बायको परत आणायला निघालेला गाणारा माणूस. नदीवरचा नावाडी त्याच्या गाण्यानं विरघळत नाही, नुसता झोपी जातो. चारशे वर्षांपूर्वीच्या संहितेतच ते तसं आहे, आणि मला ते फार खरं वाटतं. कलावंताला तेवढंच मिळतं पुष्कळदा. दया नाही, फक्त पहारेकऱ्याला लागलेली डुलकी. मग ती अट: ती मागून येईल, तू वळून पाहायचं नाहीस. आणि तो वळतो.

गोष्ट माहीत असूनही माझ्या तोंडून हुंदका गेला. कारण माझ्यासारखीला वळून पाहण्यावाचून काही येतच नाही. माजघर, मावशीचा पदर, नांदेडची पहाट. जे जे वळून पाहिलं ते त्याच क्षणी थोडं थोडं नाहीसं झालं. बागेत मांडी घालून बसलेल्या त्या सतारियाकडे मी पाहिलं. तोही वळूनच पाहत होता की, मॉन्टेव्हर्डीकडे, आपल्या उस्तादांकडे, त्यांच्याही उस्तादांकडे. पण पाहताना त्याची बोटं थांबत नव्हती. फरक असेल तर तेवढाच.

नाट्यगृहाबाहेर न्यू ब्रिगेट रस्त्यावर गार वारा होता. बसच्या थांब्यावर, प्रयोगात आमच्या मागे बसलेली एक पंजाबी आजी नातीसोबत उभी होती. सलवार-कमीजवर जाड कोट, डोक्यावर ओढणी. हुंदका तिनं ऐकला असावा. माझ्या पाठीवर हात ठेवून तिनं हिंदीत विचारलं, कुठली गं तू? मी म्हटलं, महाराष्ट्रातली, नांदेडच्या बाजूची. "हजूर साहिब!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रस्त्यापलीकडचे दोघे थबकले. तिची सासू जाऊन आली होती, सचखंड एक्सप्रेसनं, आणि तिचं स्वतःचं मात्र राहून गेलं होतं. मग एकदम आठवून ती म्हणाली, भगत नामदेव तुमचेच ना? तुम्ही त्यांना कसे गाता?

मी सांगू लागले. उभं राहून, टाळ घेऊन, पखवाजावर, पावलं टाकत. तिला काही कळेना. "दाखव ना," ती म्हणाली. मी भाचीकडे पाहिलं, भाचीनं पर्स खांद्यावर नीट अडकवली, आणि त्या इंग्रज फुटपाथवर आम्ही दोघींनी टाळ्यांवर भजनी ठेका धरला. पहिलं आवर्तन आजी डोळे बारीक करून नुसती ऐकत होती. दुसऱ्याला तिच्या नातीचे बूट बरोबर समेवर आपटले. बस आली, दार उघडलं, चालकानं विचारलं येताय का, आणि आजीनं त्याला हातानंच पुढे जायला सांगितलं.